बाटलीवरचे वाक्य

'एकच प्याला' शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक गोष्ट गृहीत धरत आलो आहोत. पिणारा सुधाकर आणि सोसणारी सिंधू. मराठी वाङ्मयातील दारूचे सारे व्याकरण या एका जोडीत बसवल्यासारखे आहे; क्रियापद पुरुषाचे आणि परिणाम स्त्रीचा. मागे एकदा एम. ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आणि सिंधू पीत असती तर?" वर्ग हसला. आमच्यापैकी जी शिकवत होती तीही हसली आणि तास पुढे गेला. पण तास संपल्यावर स्टाफरूममध्ये तो प्रश्न आमच्यात बराच वेळ रेंगाळला. सिंधू पीत असती, तर नाटकातल्या त्या तान्ह्या मुलाचे काय झाले असते? आणि दोष कोणाच्या पदरात पडला असता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाकडे आहे. गर्भवतीने घेतलेली दारू नाळेवाटे गर्भापर्यंत पोचते, ती पचवण्याची ताकद गर्भाच्या यकृतात नसते, आणि घडत असलेल्या मेंदूची घडणच त्यामुळे बिघडू शकते. या बिघाडाच्या सौम्य-तीव्र अशा सर्व रूपांना मिळून आज फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर असे म्हणतात. काही मुलांच्या चेहऱ्यावर त्याच्या खुणा असतात. डोळ्यांची फट आखूड, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. बहुतेकांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नाही. दिसते ते वागण्यात. काल शिकलेले आज विसरणे, पैशांचा हिशेब न जमणे, केलेल्या कृतीचा उद्या काय परिणाम होईल हे न उमगणे. हा बिघाड बरा होत नाही आणि जन्मभर सोबत राहतो. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. आम्ही या लेखापुरता 'गर्भमद्यबाधा' असा शब्द वापरतो. 'बाधा' या शब्दात, विषबाधेप्रमाणे, बाहेरून आलेल्या गोष्टीचा निर्देश आहे, आणि तो आम्हांला आवश्यक वाटतो.

दुसरा प्रश्न, दोषाचा, हा शासनांनी सोडवायला घेतलेला प्रश्न आहे. गेल्या तीनशे वर्षांत वेगवेगळ्या देशांच्या शासनांनी या बाधेविषयी काय म्हटले, कोणाला उद्देशून म्हटले आणि कोणाविषयी मौन पाळले, हे आम्ही येथे पाहणार आहोत. आम्ही वैद्य नाही आणि धोरणकर्तेही नाही. वाक्ये वाचणे हा आमचा व्यवसाय आहे, तेव्हा धोरणाची वाक्येही त्याच नजरेने वाचून पाहावीत असे वाटले.

सुरुवात लंडनमध्ये करावी लागते. अठराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात तिथे स्वस्त जिनचा पूर आला होता. १७२६ मध्ये तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटला निवेदन दिले, की या मद्यांमुळे दुबळी आणि रोगट मुले जन्माला येत आहेत आणि ती देशाचे बळ होण्याऐवजी देशाला भार होतील. निवेदनातली काळजी नीट पाहावी. ती मुलाची नाही, देशाच्या मनुष्यबळाची आहे. शासनाने १७२९ पासून १७५१ पर्यंत एकामागून एक कायदे करून जिनवर कर आणि परवाने लादले. १७५१ मध्येच होगार्थने 'जिन लेन' हे आपले प्रसिद्ध चित्र छापले. त्याच्या मध्यभागी पायऱ्यांवर बसलेली एक झिंगलेली बाई तपकीर घेते आहे आणि तिच्या मांडीवरचे मूल कठड्यावरून खाली कोसळते आहे. भोवतालच्या चित्रात सावकार आहे, गुत्ता आहे, कोसळती घरे आहेत. पण पाहणाऱ्याची नजर त्या बाईवरच खिळते. पुढच्या अडीचशे वर्षांच्या धोरणाचा मुखपृष्ठावरचा चेहरा जणू तेव्हाच ठरून गेला.

१८३४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने मद्यपानाची पुन्हा चौकशी केली. पिणाऱ्या आयांची मुले जन्मतःच सुकलेली, अपुरी दिसतात अशी नोंद तिच्या अहवालात आली. या समितीचे अध्यक्ष जेम्स सिल्क बकिंगहॅम. वृत्तपत्रांचा इतिहास शिकलेल्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. 'कलकत्ता जर्नल' चालवणारे आणि कंपनी सरकारवर टीका केली म्हणून १८२३ मध्ये हिंदुस्थानातून हद्दपार झालेले तेच हे गृहस्थ.

या जुन्या कागदांत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र विल्यम सलिव्हन या तुरुंगातल्या डॉक्टरचा १८९९ मधील निबंध. सलिव्हनने लिव्हरपूलच्या तुरुंगातील १२० मद्यासक्त स्त्रियांची माहिती जमवली. त्यांना एकंदर ६०० मुले झाली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, शेकडा ५५.८, मृत जन्मली किंवा दोन वर्षांची होण्याआधी गेली. याच स्त्रियांच्या न पिणाऱ्या बहिणी-मुलींच्या मुलांत हे प्रमाण शेकडा २३.९ होते. घराणे तेच, रक्त तेच, आणि तरीही इतका फरक. म्हणजे कारण आनुवंशिक नसून गर्भावर थेट होणाऱ्या परिणामाचे होते. सलिव्हनने आणखी एक गोष्ट टिपली. आधीची मुले गमावलेल्या काही स्त्रिया गरोदरपणात तुरुंगात आल्या, त्यामुळे दारू सुटली, आणि ते मूल धडधाकट निघाले.

या एका निरीक्षणाची दोन वाचने संभवतात, आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोन वाचनांमधला झगडा आहे असे आम्हांला वाटते. एक वाचन म्हणते, बाईला कोंडा म्हणजे मूल वाचेल. दुसरे म्हणते, तुरुंगात त्या बाईला दोन वेळचे जेवण, डोक्यावर छप्पर आणि दारूपासून लांब अशी जागा मिळाली. तीच तिला बाहेर का मिळू नये? सलिव्हनच्या काळात दुसरे वाचन फारसे कोणी केले नाही.

यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. हे ज्ञान हरवले. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती. ती उठल्यावर दारूविरोधी चळवळीने सांगितलेले सगळेच धर्मवेड्यांचे अतिशयोक्त बोलणे ठरले, आणि त्यात खरे होते तेही वाहून गेले. १९४२ मध्ये येल विद्यापीठातील हॅगार्ड आणि जेलिनेक या मान्यवर अभ्यासकांनी दारूने गर्भाला इजा होते याला ग्राह्य पुरावा नाही असे लिहिले. १९६७ च्या सुमारास तर अकाली प्रसूती थांबवण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून दारू देण्याची पद्धत रुग्णालयांत आली आणि काही वर्षे चांगली रुळली. हे वाचताना आमचा विश्वास बसेना. ज्या समाजाने पुढे पिणाऱ्या आईला गुन्हेगार म्हटले, त्याच समाजाचे डॉक्टर थोड्याच वर्षांपूर्वी तिच्या शिरेत दारू सोडत होते.

फ्रान्समध्ये नान्तचे बालरोगतज्ज्ञ पॉल लेमुआन यांनी १९६८ मध्ये मद्यासक्त आईवडिलांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात फ्रेंचमध्ये आले आणि बाहेर कोणी वाचले नाही. प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्यांना या घटनेचा अर्थ वेगळा सांगायला नको. सिअ‍ॅटलला क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टरला काही बाळे पोटभर दूध मिळूनही वाढत का नाहीत हा प्रश्न पडला आणि त्यांच्या आयांमध्ये मद्यासक्तीचा धागा सापडला. तिथूनच १९७३ मध्ये केनेथ ल्योन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये आले. पहिल्यात केवळ आठ मुले होती. पण त्या वर्षी त्यांनी या बाधेला नाव दिले, आणि नाव मिळाल्याबरोबर ती शासनाला दिसू लागली.

शासनाला ती दिसली ती इशाऱ्याच्या रूपात. १९७७ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने गर्भवतींना दिवसाला दोन पेल्यांहून अधिक पिण्याबद्दल सावध केले. १९८१ मध्ये देशाच्या सर्जन जनरलने अजिबात न पिण्याचा सल्ला दिला. १९८८ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर १९८९ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर शासनाच्या नावाने इशारा आला. त्याचा मथितार्थ असा, की जन्मजात दोषांच्या धोक्यामुळे स्त्रियांनी गरोदरपणात मद्य घेऊ नये, असे सर्जन जनरलचे मत आहे. त्याच इशाऱ्याच्या दुसऱ्या भागात गाडी चालवण्याविषयी आणि इतर आजारांविषयी सांगितले आहे.

हे वाक्य आम्ही वर्गात फळ्यावर लिहून वाक्यपृथक्करणाला द्यावे असे आहे. कर्ता 'स्त्रिया'. क्रियापद निषेधार्थी. कारण सांगितलेले आहे आणि अधिकारी व्यक्तीचा हवालाही आहे. नाही ते सारे वाक्याबाहेर. पाजणारा नाही. विकणारा नाही. ज्याच्यामुळे ती पिते तो नवरा नाही. न पिणे तिला शक्य व्हावे म्हणून शासन काय करील त्याचा उल्लेख नाही. आणि बाधा घेऊन आधीच जन्मलेले मूल तर या वाक्यात कुठेच नाही. तिथे फक्त 'धोका' आहे. असे वाक्य छापायला शासनाला काही खर्च येत नाही. उत्पादकाला तर लाभच होतो. १९८९ मध्येच सिअ‍ॅटलच्या न्यायालयात एका आईने बाटलीवर इशारा नव्हता म्हणून मद्य बनवणाऱ्या कंपनीवर लावलेला दावा ज्यूरीने फेटाळला होता. इशारा छापल्यानंतर असा दावा लावणे अधिकच कठीण झाले.

इशाऱ्याचा परिणाम काय झाला हेही तपासले गेले. डेट्रॉइटमधील गर्भवतींच्या पाहणीत असे आढळले, की थोडेसे पिणाऱ्या स्त्रियांनी काही महिन्यांनी ते किंचित कमी केले. जास्त पिणाऱ्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्यांच्या मुलांना खरा धोका होता त्यांच्यापर्यंत हे वाक्य पोचलेच नाही. व्यसन म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हे, हे सुधाकराने मराठी प्रेक्षकांना केव्हाच दाखवून दिले होते. (आपल्याकडच्या बाटलीवर काय असते हे सांगून टाकू. २०१९ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांनुसार मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा आवश्यक ठरला. गर्भवतीचा उल्लेख त्यात नाही. इथली बाटली अजून सुधाकराशीच बोलते.)

१९८९ हेच वर्ष दुसऱ्या एका गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे, आणि ती आमच्या क्षेत्रातली आहे. त्या वर्षी मायकेल डॉरिस यांचे 'द ब्रोकन कॉर्ड', म्हणजे 'तुटलेली नाळ', हे पुस्तक आले. डॉरिस डार्टमथ महाविद्यालयात अमेरिकेतील मूलनिवासींच्या अध्ययनाचा विभाग चालवत होते. १९७१ मध्ये, अविवाहित असताना, त्यांनी तीन वर्षांचा एक सू जमातीचा मुलगा दत्तक घेतला. पुस्तकात त्याचे नाव अ‍ॅडम. प्रेम आणि चांगली शाळा मिळाली की मूल सावरेल ही बापाची खात्री पुस्तकभर हळूहळू झिजत जाते. पुढे दक्षिण डकोटातील एका केंद्रात गेल्यावर त्यांना तिथली मुले आपल्या मुलाची भावंडे असावीत इतकी त्याच्यासारखी दिसतात, आणि तेव्हा त्यांना कारण उमगते. पुस्तकाला राष्ट्रीय समीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला, १९९२ मध्ये त्यावर दूरदर्शनपट निघाला. ज्या देशात या बाधेचे नाव डॉक्टरांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते, तिथे या एका पुस्तकाने ती घराघरात पोचवली. वाङ्मयाने धोरणाला हात घातल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे थोडी आहेत.

हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले. पहिल्या वाचनात बापाचे दुःख मनाला भिडते. दुसऱ्या वाचनात जाणवते, की मुलाची जन्मदात्री या पुस्तकात बोलत नाही. ती केवळ कारण म्हणून येते. आणि जिला आवाज नाही, तिच्याविषयी कठोर उपाय सुचवणे सोपे जाते. पुस्तकात पिणाऱ्या गर्भवतींना कोंडून ठेवावे अशा मताला सहानुभूतीने जागा दिलेली आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्या लुईस अर्ड्रिक, डॉरिस यांच्या पत्नी आणि स्वतः मोठ्या कादंबरीकार, जन्मभर बाधित राहणारे मूल जन्माला घालण्यापेक्षा आपण नऊ महिन्यांचा तुरुंग पत्करला असता अशा आशयाचे लिहून जातात. सलिव्हनचे पहिले वाचन इथे पुन्हा, उत्कट भाषेत, अवतरते. डकोटा लेखिका एलिझाबेथ कुक-लिन यांनी या भूमिकेवर कठोर टीका केली. जमिनी गेल्या, जगण्याची साधने गेली, उपचारांची सोय नाही, आणि शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार ती मूलनिवासी बाई, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख. आम्हांला तो पटतो. पण पुस्तक टाकून द्यावे असेही वाटत नाही, आणि याचे कारण त्याचे शेवटचे प्रकरण. ते अ‍ॅडमने स्वतः लिहिलेले आहे, त्याच्या चुकीच्या स्पेलिंगांसह जसेच्या तसे छापलेले. बापाला जिथे शोकांतिका दिसली, तिथे मुलगा आपली कामे, आपले अपघात, आपले आनंद साध्या क्रमाने सांगत जातो. बाधित माणूस हा कोणाच्या तरी अपराधाचा पुरावा नसून स्वतःच्या आयुष्याचा निवेदक आहे, हे त्या प्रकरणाने दाखवले. अ‍ॅडम १९९१ मध्ये मोटारीच्या धडकेने गेला. डॉरिस यांनी १९९७ मध्ये आत्महत्या केली. त्या वेळी त्यांच्यावर मुलींच्या छळाच्या आरोपांची चौकशी चालू होती, आणि ती त्यांच्या मृत्यूबरोबर थांबली. ही माहिती झाल्यावर पहिल्यासारखे निःशंक वाचन आता कोणालाच शक्य नाही.

कोंडून ठेवण्याचा विचार पुस्तकात राहिला नाही. १९९७-९८ मध्ये विस्कॉन्सिन आणि दक्षिण डकोटा या राज्यांनी व्यसनी गर्भवतीला सक्तीने ताब्यात घेण्याची तरतूद असलेले कायदे केले. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९७ मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने विनिपेगच्या एका गर्भवतीच्या प्रकरणाचा निकाल दिला. तिचे व्यसन दारूचे नव्हते, गोंद हुंगण्याचे होते. पण प्रश्न हाच होता. तिला उपचारासाठी सक्तीने डांबता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. तसा अधिकार एकदा दिला की गर्भवतीच्या जगण्यातली कोणतीही गोष्ट शासनाच्या कक्षेत येईल आणि ज्यांना मदत हवी त्याच स्त्रिया डॉक्टरांपासून लपतील, ही त्यामागची काळजी.

आणि मदत खरोखरच मागायला गेले तर? १९८९ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील ७८ व्यसनमुक्ती केंद्रांची पाहणी झाली होती. निम्म्याहून अधिक केंद्रे गर्भवतीला प्रवेशच देत नव्हती. बाटलीवर 'पिऊ नका' आणि केंद्राच्या दारावर 'येऊ नका'.

सलिव्हनचे दुसरे वाचन प्रत्यक्षात आणले ते सिअ‍ॅटलच्याच लोकांनी. १९९१ मध्ये तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन स्ट्राइसगुथ आणि थेरेस ग्रँट यांनी एक कार्यक्रम सुरू केला. एका कार्यकर्तीकडे पंधरा-सोळा आया. ती त्यांच्या घरी जाणार, घरभाड्यापासून संततिनियमनापर्यंत आणि न्यायालयाच्या तारखांपासून दवाखान्यापर्यंत सोबत करणार, आणि हे सलग तीन वर्षे. बाई पुन्हा प्यायली म्हणून तिचे नाव काढायचे नाही, हा नियम. पुढे राज्याच्या विधिमंडळाने त्याला पैसा दिला आणि कॅनडातल्या अल्बर्टानेही तो उचलला. यात नाट्य काहीच नाही, म्हणून त्यावर चित्रपटही निघाला नाही.

स्ट्राइसगुथ यांचेच दुसरे काम जन्मलेल्या मुलांविषयीचे. १९९६ मध्ये त्यांनी ४१५ बाधित व्यक्तींचा अहवाल दिला. बारा वर्षांवरील सुमारे ६० टक्क्यांना पोलीस किंवा न्यायालयाशी झगडावे लागले होते. लहानपणी, सहा वर्षांच्या आत निदान झालेले आणि स्थिर घर मिळालेले लोक बरेच सावरले होते. पण मदत मिळवायची तर शासकीय कसोटी बुद्ध्यंकाची, साधारण ७० ही मर्यादा. आणि या गटातील बहुतेकांचा बुद्ध्यंक तिच्या वर होता. बोलतो नीट, हसतो नीट, मग अपंग कसला? अशा रीतीने हे लोक कार्यालयाच्या खिडकीवरून परत जात आणि काही काळाने दुसऱ्या शासकीय इमारतीत, कैदी म्हणून, दाखल होत. इशाऱ्याच्या वाक्यात मूल नव्हते हे आम्ही म्हटले. आधाराच्या नियमांतही ते नव्हते.

वाक्यात पाजणाराही नव्हता. तो पाहायचा असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात जावे लागते. १६५८ मध्ये डच कंपनीचा तिथला अधिकारी यान फान रिबेक याने गुलामांच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि मुलांनी यावे म्हणून प्रत्येकाला ब्रँडीचा एक पेला आणि थोडी तंबाखू देण्याची व्यवस्था केली. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. पुढे द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपात, दिवसातून अनेकदा, वाटण्याची प्रथा पडली. तिला 'डॉप' म्हणत. गुलामी १८३४ मध्ये संपली तरी डॉप टिकला. १९६० च्या दशकात कायद्याने बंद झाला तरी मळ्यांवर १९९० च्या दशकापर्यंत सापडत राहिला. वेस्टर्न केपमधील एका वाइन-उत्पादक वस्तीत पहिलीच्या वर्गातील मुलांची तपासणी झाली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे हजारी ४० ते ४६ मुलांत बाधेचे सर्वांत तीव्र रूप आढळले. तोवर जगात कुठेही इतके प्रमाण नोंदले गेले नव्हते. २००७ च्या नियमांनी तिथेही बाटलीवर इशारे आणले. सात ठरावीक वाक्यांपैकी एक छापायचे. त्यांपैकी एक गर्भवतीसाठी आहे. साडेतीनशे वर्षे ज्याने पेला पुढे केला त्याच्यासाठी एकही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्लीत फिट्झरॉय क्रॉसिंग नावाचे गाव आहे. येथे प्रथमच वाक्याचा कर्ता बदलला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. २००७ मध्ये, आत्महत्यांच्या आणि अंत्यविधींच्या एका भयंकर सत्रानंतर, खोऱ्यातल्या आदिवासी स्त्रियांनी सभा घेतली. जून ऑस्कर आणि एमिली कार्टर या त्यांच्यातल्या पुढाकार घेणाऱ्या. त्यांनी शासनाकडे मागणी केली, की बाटलीबंद कडक दारू दुकानाबाहेर नेण्यासाठी विकणे थांबवा. गावातल्याच अनेकांचा विरोध पत्करून ती मागणी त्यांनी रेटली आणि त्या वर्षी निर्बंध आले. ('उभी बाटली, आडवी बाटली'चे मतदान पाहिलेल्या वाचकाला हा विरोध कसा असतो हे माहीत आहे.) मग त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. दुकान बंद झाले, पण आधी जन्मलेल्या मुलांचे काय? २००८ मध्ये त्यांनी 'मारुलू' ही योजना आखली. बुनुबा भाषेत या शब्दाचा अर्थ जपावे असे मोलाचे. किती मुलांना बाधा आहे हे मोजायला त्यांनी स्वतःच संशोधकांना बोलावले, पण गावाची संमती आधी, आणि तपासलेल्या प्रत्येक मुलासाठी मदतीची योजना हवीच, या अटीवर.

२००२ आणि २००३ मध्ये जन्मलेल्या १०८ मुलांची तपासणी झाली. जवळजवळ पाचांपैकी एकाला बाधा होती. असा आकडा कोणत्याही वस्तीच्या तोंडाला काळे फासायला वापरता येतो, आणि त्या स्त्रियांना हे कळत नव्हते असे नाही. तरी तो त्यांनी जगापुढे ठेवला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील हे सर्वांत धीट वाक्य आहे, कारण ते प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. आमच्या मुलांना हे झाले आहे, आमच्यात हे का शिरले ते आम्हांला ठाऊक आहे, आणि आता शिक्षकांना आणि डॉक्टरांना आम्ही अमुक मागतो.

ऑस्ट्रेलियाचे केंद्र शासन हळू चालले. बाटलीवरच्या सक्तीच्या इशाऱ्याची शिफारस २०११ मध्ये झाली होती. तेव्हा उद्योगाला ऐच्छिक इशाऱ्यांची मुभा दिली गेली. सक्तीचा निर्णय २०१८ मध्ये झाला आणि मग दोन वर्षे शब्दांवर घासाघीस चालली. मथळा 'आरोग्यविषयक इशारा' असावा की 'गर्भारपणाविषयी इशारा'? 'कितीही कमी मद्य' असे म्हणावे की नुसते 'मद्य'? लाल रंग हवा की नको, कारण लाल रंगाच्या छपाईला खर्च येतो? २०२० मध्ये दुसरा मथळा आणि नुसते 'मद्य' स्वीकारले गेले, लाल रंग टिकला, आणि ३१ जुलै २०२३ पासून ते बंधनकारक झाले. बाळाला होणारी इजा आयुष्यभराची असू शकते हे त्यात स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकी वाक्यापेक्षा हे चांगले आहे. त्यात निदान मूल आहे, आणि त्याचे आयुष्यही आहे. कर्ता मात्र आता मद्य झाला आहे. वाक्यातून बाई अर्धवट का होईना मोकळी झाली, हे एका व्याकरणाच्या शिक्षकाला दिसल्याशिवाय राहत नाही.

कॅनडात २०१५ मध्ये सत्य आणि समेट आयोगाने आपल्या शिफारशींत दोन परिच्छेद या बाधेला दिले. ३३ वा प्रतिबंधाविषयी आहे आणि तो आदिवासी समाजांच्या सहकार्यानेच व्हावा असे सांगतो. ३४ वा फौजदारी न्यायव्यवस्थेने बाधित आरोपींना कसे वागवावे याविषयी. पुढच्याच वर्षी या दिशेने मांडलेले एका युकोनच्या खासदाराचे विधेयक तिथल्या संसदेत नामंजूर झाले.

सलिव्हनने तुरुंगात आया मोजल्या होत्या. २०१५ आणि २०१६ मध्ये पर्थजवळच्या बँक्सिया हिल येथील बालबंदिगृहात संशोधकांनी दहा ते सतरा वयाच्या ९९ मुलामुलींची तपासणी केली. छत्तीस जणांत गर्भमद्यबाधा आढळली. त्यांतल्या फक्त दोघांचे निदान आधी झालेले होते. उरलेल्या चौतीस जणांना तोवर पोलिसांनी, वकिलांनी आणि न्यायाधीशांनी जे काही विचारले, ते त्यांना कळते आहे असे समजूनच विचारले होते.